‘नको’ कशाला होतं, पदाला की अटींना?

पत्र: नमस्कार. चाकणजवळच्या एका ऑटो-पार्ट्स कंपनीत मी मशीन शॉपचा प्रॉडक्शन हेड आहे. माझ्याकडे 14 इंजिनिअर आहेत, त्यात 5 मुली. शिफ्ट इन्चार्जच्या 6 जागा आहेत, तिथे एकही बाई नाही. जीईटी (शिकाऊ इंजिनिअर) म्हणून येतात तेव्हा मुली हुशार असतात. पण पाच-सहा वर्षांत कुणी डॉक्युमेंटेशनला जाते, कुणी प्लॅनिंगला, कुणी नोकरीच सोडते. येत्या एप्रिलमध्ये एक जागा रिकामी होतेय. आठ वर्षं काढलेल्या एका इंजिनिअरला मी स्वतः विचारलं, तर म्हणाली, ‘सर, नको, मी आहे तिथे ठीक आहे.’ वरून ‘महिलांना पुढे आणा’ असा निरोप आलाय. एचआर म्हणतंय, दोन दिवसांचं लीडरशिप ट्रेनिंग घेऊ. ज्याला नको त्याला ढकलायचं कसं? आणि बाकीची पोरं आत्तापासूनच कुरकुरतायत.
— एक प्रॉडक्शन हेड

उत्तर: नमस्कार. ढकलायचा विषय नंतर. आधी हे सांगा, तुम्ही त्यांना विचारलंत कुठे आणि कोणत्या शब्दांत?

सकाळच्या मीटिंगनंतर उभ्याउभ्या, ‘काय, घेणार का इन्चार्जची जागा? नाइट करावी लागेल हं, घरी विचारून सांगा,’ असं विचारलं असेल, तर कुठलंही शहाणं माणूस ‘नको’च म्हणेल. या प्रश्नात फक्त त्रास आहे. पगार किती वाढणार, अधिकार काय मिळणार, जमलं नाही तर पुढे काय, यातलं काहीच त्यात नाही. पुरुष इंजिनिअर याच प्रश्नाला ‘हो सर’ म्हणून मोकळा होतो. त्याच्या आधी सहाजण तिथे गेलेले आहेत आणि पुढे काय होतं ते त्यानं टपरीवर चहा पिता पिता ऐकलेलं असतं. या बाईंच्या आधी तिथे कुणी गेलेलंच नाही, मग त्यांना सांगणार कोण?

म्हणून प्रश्न पुन्हा विचारा, पण या वेळी कागदावर. एक पान पुरे. हाताखाली किती ऑपरेटर, त्यातले कायम किती आणि ठेकेदाराचे किती. कोणत्या लाइन. शिफ्ट कशी फिरणार आणि महिन्यात नाइटचे दिवस किती. ग्रेड कोणता आणि दरमहा हातात पडणारा फरक किती, तो आकड्यात. लाइन थांबवणं, ओव्हरटाइम मंजूर करणं, डेव्हिएशनवर (ठरलेल्या मापापेक्षा वेगळा माल चालवून घ्यायला) सही, ऑपरेटर इकडचा तिकडे करणं, यातलं काय स्वतःच्या अधिकारात आणि कशासाठी तुमच्याकडे यावं लागेल. पहिल्या सहा महिन्यांत काम कोणत्या आकड्यांवर मोजणार. आणि सहा महिन्यांनी दोघांपैकी कुणालाही जमत नाहीये असं वाटलं, तर आत्ताच्याच ग्रेडवर परत येता येईल का. हा शेवटचा मुद्दा कुणी लिहून देत नाही, आणि ‘नको’ बरेचदा तिथूनच येतं. पुरुष पडला तर ‘त्याला जमलं नाही’ म्हणतात. पहिली बाई पडली तर ‘बायकांना जमत नाही’ म्हणतात, आणि हे तिला पक्कं माहीत असतं.

हे पान त्यांना केबिनमध्ये बसवून द्या. अर्धा-पाऊण तास मोकळा ठेवा, फोन बाजूला. ‘आज उत्तर नको, दहा दिवस घ्या,’ म्हणा. दहा दिवसांनी ‘हो की नाही’ विचारू नका. ‘यातलं काय बदललं तर हे काम तुम्हाला घेण्यासारखं वाटेल?’ असं विचारा. मुलं, सासूबाई, नवऱ्याची नोकरी हे विषय तुम्ही काढू नका. त्यांनी काढले तर ऐका, आणि त्यातून निघणारी अट त्या पानावर लिहा. एवढं होऊनही ‘नको’ आलं तर ते खरं ‘नको’, आणि त्याचा मान ठेवा. फक्त एक सांभाळा: एचआरच्या सक्सेशन शीटमध्ये (पुढे कोणत्या पदावर कोण, या यादीत) त्यांच्या नावापुढे ‘नॉट इंटरेस्टेड’ पडू देऊ नका. असा शेरा वर्षानुवर्षं पुसला जात नाही, नवा हेड येतो आणि तोच वाचून पुढचं नाव बघतो. ‘या वेळी नाही, सहा महिन्यांनी पुन्हा विचारणे’ असं लिहून घ्या आणि खरंच विचारा.

आता नाइटचं. 1948 च्या कारखाने अधिनियमात मुळात बायकांना संध्याकाळी 7 ते सकाळी 6 या वेळेत कारखान्यात कामाला मनाई होती, पुढे राज्याराज्यांत सवलती आल्या. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहितेच्या कलम 43 नुसार बाईची संमती असेल तर सकाळी 6 च्या आधी आणि संध्याकाळी 7 नंतरही काम देता येतं, मात्र सुरक्षिततेच्या अटी पाळून. संमती लेखी घ्या. ती मागे घ्यायची मुभाही त्याच कागदावर असू द्या, म्हणजे सही करताना हात अडत नाही.

पण खरा घोळ नाइटपेक्षा सेकंड शिफ्टला होतो, आणि तिकडे कुणाचं लक्ष नसतं. नाइटवाला माणूस रात्री अकराच्या सुमारास निघतो आणि सकाळी उजेडात घरी येतो. सेकंड शिफ्ट सुटते बाराला. हँडओव्हर देऊन गेटबाहेर पडेपर्यंत साडेबारा, आणि कंपनीची बस सोडते ती हायवेच्या स्टॉपवर. तिथून घरापर्यंतचा दीड-दोन किलोमीटरचा तुकडा, रात्री एक वाजता, हा सगळा प्रश्न आहे. ‘आमच्याकडे बस आहे’ हे त्याचं उत्तर नाही. घराच्या दारापर्यंत गाडी हवी. बाई एकटी असेल तर गाडीत सिक्युरिटीचा माणूस हवा, आणि तिला सगळ्यांत आधी घ्यावं किंवा सगळ्यांत शेवटी सोडावं लागणार नाही असा रूट हवा. इन्चार्ज बाकीच्यांपेक्षा अर्धा तास उशिरा निघतो, तेव्हा शिफ्टची बस तिच्यासाठी थांबणार नाही, हेही आधीच धरा. मशीन शॉपपासून बायकांचं टॉयलेट किती लांब आहे ते स्वतः चालून बघा. बऱ्याच जुन्या शेडमध्ये ते ॲडमिन बिल्डिंगला असतं आणि रात्री ॲडमिनला कुलूप. त्या शिफ्टला फ्लोअरवर आणखी किमान एक बाई असावी, क्वालिटीची असो नाहीतर ऑपरेटर. प्लॅनिंग थोडं हलवलं की हे जमतं.

शिवाय, ‘इन्चार्ज व्हायला दोन वर्षं तिन्ही शिफ्ट फिरलेलं हवं’ असा अलिखित नियम तुमच्याकडे असणारच. तो नियम कशासाठी आहे ते विचारून बघा. नाइटला वरिष्ठ कुणी नसताना ब्रेकडाउन हाताळता यावा, एवढाच त्याचा हेतू असेल, तर सलग तीन महिन्यांचा ठरलेला नाइट ब्लॉकही तेच शिकवतो. घरी तीन महिन्यांची व्यवस्था लावता येते. दर तिसऱ्या आठवड्याला मोडणारी व्यवस्था लावता येत नाही, मग माणूस बाई असो की बुवा.

जास्त खोलात जायचं ते मात्र इथे. शिफ्ट इन्चार्जची निवड एप्रिलमध्ये होते असं आपण समजतो. खरं तर ती आधीच्या दीड-दोन वर्षांत काम वाटताना झालेली असते. एक तास काढा आणि तुमच्या 14 जणांची नावं एका खाली एक लिहा. समोर गेल्या 24 महिन्यांतलं काम मांडा. डाव्या बाजूला: नवा पार्ट कुणी बसवला, पीपीएपी (नव्या पार्टला कस्टमरची मंजुरी घ्यायची कागदपत्रं) कुणी सादर केलं, कस्टमरची लाइन थांबली तेव्हा तिकडे कुणाला पाठवलंत, मोठा ब्रेकडाउन कुणी निस्तरला, युनियनच्या लोकांशी कोण बोललं, एमआरएममध्ये (व्यवस्थापनाच्या आढावा बैठकीत) वरच्यांसमोर उभं कोण राहिलं. उजव्या बाजूला: मीटिंगचे मिनिट्स कोण लिहितं, ऑडिटच्या फायली कोण लावतं, 5एसचे (फ्लोअरच्या टापटिपीचे) फोटो आणि कायझेनच्या (छोट्या सुधारणांच्या) शीट कोण भरतं, खंडेनवमीच्या पूजेची रांगोळी आणि प्रसाद कुणाकडे, नव्या ट्रेनींना फिरवून कोण आणतं. पाच मुलींची नावं कोणत्या बाजूला दाटीनं बसलीत ते बघा. डॉक्युमेंटेशनला ‘जाते’ असं तुम्ही लिहिलंय. हा कागद भरल्यावर कदाचित तुम्हीच म्हणाल की ती जात नाही, तिला तिकडे नेऊन बसवलं जातं. फाइल नीट लावते म्हणून पुढची फाइल तिलाच.

यात मुलींचाही दोष आहे, त्या स्वतःहून हात वर करतात, असं तुम्ही म्हणाल. करतात. कुणालाच नको असलेल्या कामांवर अमेरिकेत प्रयोग झाले, 2017 मध्ये ते प्रसिद्ध झाले. मिश्र गटात अशा कामासाठी बायका पुरुषांपेक्षा जास्त वेळा पुढे आल्या. पण गट फक्त पुरुषांचा किंवा फक्त बायकांचा केला की हा फरक नाहीसा झाला. म्हणजे हा स्वभावाचा भाग कमी, ‘ती करेल’ ही सगळ्यांची अपेक्षा जास्त. त्यामुळे अशा कामाला ‘कोण करतंय?’ असं मोकळं विचारूच नका. पाळी लावा, महिन्याला एक नाव, आडनावांच्या क्रमानं. मिनिट्स तर पुढच्या सोमवारपासूनच फिरवता येतील.

डाव्या बाजूचं काम द्यायचं तर आत्ता द्या, एप्रिलची वाट बघू नका. सगळ्यांत उपयोगी म्हणजे बदली इन्चार्ज. तुमच्या सहा इन्चार्जपैकी कुणी ना कुणी लग्न, गाव, दवाखाना यासाठी दहा-पंधरा दिवस रजेवर जातोच. त्या पंधरवड्यासाठी या बाईंना शिफ्ट द्या. एकदाच दिली तर ती परीक्षा होते, म्हणून मार्चपर्यंत दोन वेगवेगळ्या लाइनवर तरी द्या. इथे ठरलेली चूक अशी होते की नाव त्यांचं आणि अधिकार तुमचे. ओव्हरटाइमची मंजुरी तुमच्या लॉगिनला, गेटपासवर सही तुमची, मेंटेनन्सचा माणूस तुमच्या फोनशिवाय हलत नाही. मग दुसऱ्या दिवसापासून ऑपरेटर सरळ तुमच्याकडे येतात आणि दोन आठवड्यांनी निष्कर्ष निघतो की ‘मॅडमचं कुणी ऐकत नाही’. हे टाळायला तीन गोष्टी करा. नोटीस बोर्डावर तारखांसह पत्र लावा. सिस्टिममध्ये तेवढ्या दिवसांचे राइट्स आयटीकडून आदल्या दिवशीच उघडून घ्या. आणि कुणी ‘सर, तेवढं बघा ना’ म्हणत आला तर, निर्णय तुम्हाला एका मिनिटात देता येत असला तरी, ‘मॅडमना विचारा’ एवढंच म्हणा. तिसरी गोष्ट सगळ्यांत अवघड आहे, कारण वर्षानुवर्षांची तुमची सवय त्यात आड येते. त्यांनी घेतलेला निर्णय चुकला तर तो फ्लोअरवर बदलू नका, शिफ्ट संपल्यावर केबिनमध्ये बोला. सहाजणांच्या बाबतीतही तुम्ही हेच करता ना?

अप्रेझलच्या फॉर्मकडे वळू. तुम्ही लिहिलेले मागच्या तीन वर्षांचे शेरे काढा. ‘मेहनती, शिस्तशीर, सर्वांशी सहकार्य’ असं बाईच्या फॉर्मवर, आणि ‘लाइन 3 चं रिजेक्शन खाली आणलं, कस्टमर कम्प्लेंट बंद केली’ असं पुरुषाच्या फॉर्मवर असेल, तर प्रमोशन कमिटीत पहिलीबद्दल बोलायला काही उरतच नाही. कमिटी तुम्हाला विचारते, ‘हिनं केलं काय?’, आणि तुम्ही म्हणता, ‘खूप चांगली आहे.’ इथेच विषय संपतो. प्रत्येक शेऱ्यात एक काम, आधीचा आकडा, नंतरचा आकडा आणि त्यात तिचा निर्णय कोणता, हे चार तुकडे आलेच पाहिजेत. सुधारणेबद्दलही तसंच. ‘आत्मविश्वास वाढवावा’ हा शेरा खोडून टाका, त्यावर कुणालाच काही करता येत नाही. ‘एमआरएममध्ये उत्तर देताना आधी निष्कर्ष सांगावा, मग कारणं’ हे लिहा.

परफॉर्मन्स आणि पोटेन्शियल असा नऊ चौकोनांचा तक्ता तुमच्याकडे असेल, तर पोटेन्शियलच्या उभ्या रांगेबद्दल सावध राहा. उत्तर अमेरिकेतल्या एका मोठ्या रिटेल साखळीतल्या सुमारे 30 हजार कर्मचाऱ्यांच्या नोंदी अभ्यासकांनी तपासल्या. बायकांना कामगिरीचे गुण पुरुषांपेक्षा जास्त होते आणि पोटेन्शियलचे कमी. पुढच्या वर्षी त्याच बायकांनी वर्तवलेल्यापेक्षा चांगलं काम केलं, तरी पोटेन्शियलचे गुण पुन्हा कमीच. कारण ते मोजायला आकडा नसतो, ‘वाटतं’ असतं. तुमच्या कमिटीत पोटेन्शियलचा प्रत्येक गुण देताना ‘कोणत्या प्रसंगावरून?’ हा प्रश्न सक्तीचा करा.

बाळंतपणाच्या रजेचा हिशेब एचआरला कागदावर मांडून दाखवा, तोंडी कुणाला पटत नाही. रजा 26 आठवड्यांची, म्हणजे 182 दिवसांची. समजा ती 1 डिसेंबर 2024 ला सुरू झाली, तर संपते 31 मे 2025 ला. त्यातले 121 दिवस 2024-25 मध्ये पडले आणि 61 दिवस 2025-26 मध्ये. रजा एकच, पण अप्रेझलची वर्षं दोन मोडली. दोन्ही वर्षी साहेब सवयीनं मधला ‘3’ देतात. आता प्रमोशनचा नियम समजा असा आहे की मागच्या तीनपैकी दोन वर्षं ‘4’ हवेत. एप्रिल 2025 ला ती पात्र होती, पण रजेवर होती म्हणून नाव निघालं नाही. एप्रिल 2026 आणि 2027 ला नियमात बसत नाही. बसते ती एप्रिल 2028 ला, तेही मधली दोन्ही वर्षं ‘4’ मिळवले तर. सहा महिन्यांच्या रजेनं तीन वर्षं गेली, आणि कुणीही मुद्दाम काही केलं नाही. तुमच्याकडच्या पाच-सहा वर्षांनी गळणाऱ्या मुली याच वयाच्या असतील.

उपाय साधा आहे. जेवढे महिने काम केलं तेवढ्याच महिन्यांवर गुण द्या, उद्दिष्टंही त्या प्रमाणात कमी करा. सहा महिन्यांपेक्षा कमी काम झालं असेल तर आधीच्या वर्षाचेच गुण पुढे न्या. रजेवरच्या व्यक्तीचं नावही प्रमोशनच्या यादीत आलंच पाहिजे, असं एक वाक्य पॉलिसीत घाला. परत आल्यावर तिची लाइन तिला परत द्या. ‘आता बाळ लहान आहे, जरा हलकं काम घे’ ही दया तिनं मागितलेली नाही. 50 किंवा अधिक कर्मचारी असतील तर पाळणाघर आणि दिवसातून चार वेळा तिथे जायची मुभा कायद्यातच आहे. तुमचं पाळणाघर खरंच चालू आहे की इन्स्पेक्शनपुरतं, ते पाहून या.

कंपनी शेअर बाजारातल्या पहिल्या 1000 मध्ये असेल तर एचआरशी वाद घालायची गरजच नाही. सेबीच्या बीआरएसआर (व्यवसायाची जबाबदारी आणि शाश्वतता) अहवालात पालकत्वाच्या रजेवरून किती जणी परतल्या आणि परतल्यावर 12 महिन्यांनी त्यातल्या किती टिकल्या, हे द्यावंच लागतं. नोकरी सोडण्याचं प्रमाणही स्त्री-पुरुष वेगळं द्यावं लागतं. आकडे एचआरकडे तयार आहेत. तुमच्या प्लांटचे मागून घ्या.

कुरकुरणाऱ्या पोरांचं म्हणाल तर त्यांची एक तक्रार रास्त असू शकते: निकष कुणालाच माहीत नाहीत. म्हणून आत्ताच, नाव ठरायच्या आधी, एप्रिलच्या जागेचे निकष लावून टाका. अमुक लाइनवर बदली इन्चार्ज म्हणून इतके दिवस, एक 8डी (तक्रारीचं मूळ शोधून ती बंद करायचा आठ टप्प्यांचा अहवाल) पूर्ण, एक नवा पार्ट, मुलाखतीचे गुण इतके. आणि बदली इन्चार्जची संधी त्या पोरांनाही द्या. निकष कुणासाठीही खाली आणू नका. ‘महिला म्हणून दिली’ असं वरिष्ठांसमोर कौतुकानंसुद्धा म्हणू नका, ते वाक्य संध्याकाळपर्यंत फ्लोअरवर पोचतं. यादीत एकाच बाईचं नाव नसावं, दोन असावीत. एकच असलं की चर्चा तिच्या बाई असण्यावर सुरू होते. तुमच्या पाचजणींमध्ये दुसरं नाव निघणारच नसेल, तर वरच्या तक्त्याची डावी बाजू पुन्हा बघा.

जागा त्यांना मिळाली, तर सगळ्यांत बिघडलेली लाइन देऊ नका. ‘तुम्ही नीट लावाल’ म्हणून जुन्या मशीनची, युनियनच्या भांडणाची लाइन पहिल्या बाईच्या गळ्यात घालायची खोड बऱ्याच ठिकाणी असते. ग्रेड आणि पगार त्याच तारखेपासून द्या. ‘आत्ता पद घ्या, पगाराचं पुढच्या सायकलला बघू’ हे मान्य करू नका, एचआर तसं म्हणेलच.

आणि ते दोन दिवसांचं ट्रेनिंग. बदली इन्चार्जचा पहिला पंधरवडा झाल्यानंतर घ्या, तेव्हा विचारायला खरे प्रश्न असतात. तेही सहा इन्चार्ज आणि होऊ घातलेले सगळे एकत्र बसवून. फक्त बायकांना हॉटेलच्या हॉलमध्ये नेऊन आत्मविश्वास शिकवायचा बेत असेल, तर ते पैसे सेकंड शिफ्टच्या गाडीला लावा.